वाचकांचे प्रश्न : वॉर्डातली खाट आणि संगणकातली खाट

इंदूरमधील न्यासांची रुग्णालये आणि मध्यम आकाराची नर्सिंग होम्स भरतीचे रजिस्टर बाजूला ठेवून रुग्णालय-व्यवस्थापनाच्या सॉफ्टवेअरकडे वळत आहेत. ओपीडीची नोंदणी, मेडिकलचा साठा, पॅथॉलॉजीचे रिपोर्ट हे भाग तुलनेने लवकर रुळतात. घोडे अडते ते वॉर्डात. या महिन्यात आलेली बरीचशी पत्रे याच अडचणीविषयी असल्याने हे सदर संपूर्णपणे त्यांनाच दिले आहे. पत्रे संक्षिप्त केली आहेत आणि पत्रलेखकांची व रुग्णालयांची नावे गाळली आहेत.

प्रश्न : आमचे रुग्णालय एका धर्मादाय न्यासाचे असून ६० खाटांचे आहे. सॉफ्टवेअर बसवून वर्ष होत आले, तरी रिकाम्या खाटांचा आकडा कधीच जुळत नाही. स्क्रीनवर खाट एक तर हिरवी दिसते, नाही तर लाल. हिरव्या नऊ दिसतात तेव्हा इनचार्ज सिस्टर चारच रिकाम्या असल्याचे सांगतात, आणि देवास-धारहून रुग्ण घेऊन आलेल्या नातेवाइकांना काय सांगावे हे स्वागतकक्षाला कळत नाही. सॉफ्टवेअर सदोष आहे, की आमचे लोक नोंदी करीत नाहीत? (व्यवस्थापक, इंदूर)

उत्तर : आपल्या लोकांना दोष देण्याआधी हिरवी आणि लाल या दोन रंगांकडे पाहावे लागेल. वॉर्डातली खाट दोन अवस्थांत मावत नाही. ती रिकामी असते, शस्त्रक्रियागृहात असलेल्या एखाद्या रुग्णासाठी राखून ठेवलेली असते, भरलेली असते, रुग्ण गेल्यानंतर चादर बदलून, गादी व लॉकर पुसून होईपर्यंत थांबलेली असते, किंवा ऑक्सिजनचा पॉइंट बिघडला अथवा छत गळू लागले म्हणून बंद असते. जीएनयू हेल्थ या मुक्त (कोणालाही विनामूल्य वापरता व बदलता येणाऱ्या) प्रणालीत खाटेसाठी याच पाच अवस्था दिलेल्या आहेत. रुग्णालयीन माहितीच्या देवाणघेवाणीसाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या एचएल-सेव्हन या मानकाच्या तक्त्यात तर संसर्गित खाट आणि विलगीकरणातील खाट यांनाही स्वतंत्र खुणा आहेत. आपल्या कंपनीकडे पहिली मागणी या पाच अवस्थांची करावी. अनेकदा त्या प्रणालीत मुळातच असतात, पण बसवून देताना सोपे दिसावे म्हणून बंद ठेवलेल्या असतात.

मात्र एवढ्याने नऊ आणि चार यांमधला फरक मिटणार नाही, कारण त्याचे मूळ डिस्चार्जच्या दिवसात आहे. सकाळी १० वाजता राउंडवर डॉक्टर केसपेपरवर डिस्चार्ज लिहितात. सिस्टर उरलेली औषधे परतीच्या चिठ्ठीसह मेडिकलमध्ये पाठवतात, कनिष्ठ डॉक्टर डिस्चार्ज कार्ड तयार करतात, फाइल बिलिंगला जाते, विमा असेल तर कागद टीपीएकडे (विमा कंपनीच्या वतीने दावे हाताळणाऱ्या संस्थेकडे) जातात आणि दुपारी २ वाजता फायनल बिल भरले जाते. रुग्ण मात्र खरगोनहून गाडी येईपर्यंत, म्हणजे ४ वाजेपर्यंत, त्याच खाटेवर उशीला टेकून बसलेला असतो, आणि तो उठल्यानंतर खाट स्वच्छ व्हायला आणखी पाऊण तास जातो. अनेक सॉफ्टवेअरमध्ये मूळ मांडणीच अशी असते की फायनल बिलाची पावती निघाली की खाट हिरवी होते. म्हणजे २ पासून पावणेपाचपर्यंत आपला स्वागतकक्ष जी खाट नव्या रुग्णाला देऊ करीत असतो, तिच्यावर जुना रुग्ण बसलेला असतो किंवा तिची स्वच्छता चालू असते. याच्या उलटही घडते. आयुष्मान योजनेतील रुग्ण सकाळीच घरी जातो, पण क्लेमचे कागद अपुरे असल्यामुळे त्याची फाइल बंद होत नाही आणि रिकामी, धुतलेली खाट दोन-दोन दिवस लाल राहते.

तेव्हा खाट रिकामी होण्याचा बिलाशी असलेला संबंध तोडावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. डॉक्टरांचा डिस्चार्जचा आदेश, फायनल बिल, रुग्णाने खाट सोडणे आणि खाट स्वच्छ होणे या चार वेगळ्या घटना आहेत. त्यांच्या चार वेगळ्या नोंदी चार वेगळ्या व्यक्तींनी कराव्यात आणि प्रत्येक नोंदीची वेळ संगणकाने स्वतःच्या घड्याळावरून घ्यावी, कोणी ती हाताने टाइप करू नये. रुग्णाने खाट सोडल्याची नोंद वॉर्डातील सिस्टरच करतील आणि स्वच्छतेची नोंद हाउसकीपिंगचा सुपरवायझर आपल्या मोबाइलवरून करील. त्या शेवटच्या नोंदीनंतरच खाट हिरवी व्हावी. घटना ज्याच्या डोळ्यांसमोर घडते त्यानेच, ती घडताच नोंद करावी, हा नियम वॉर्डाच्या सगळ्या नोंदींना लागू आहे. बिलिंगच्या खिडकीतून खाट दिसत नाही.

या वेळांचा आणखी एक उपयोग आहे. विमा नियामक प्राधिकरणाने मे २०२४च्या परिपत्रकात असे ठरवून दिले आहे की रुग्णालयाकडून डिस्चार्जची मागणी आल्यापासून विमा कंपनीने तीन तासांच्या आत अंतिम मंजुरी द्यावी. आपल्याकडे चारही वेळा नोंदलेल्या असतील तर उशीर कंपनीकडे झाला की आपल्या फाइलीत, हे नातेवाइकांना कागदावर दाखवता येते.

प्रश्न : आमच्या वॉर्डांना देणगीदारांच्या दिवंगत आप्तांची नावे दिलेली आहेत आणि काही खाटांवरही तशा पाट्या आहेत. सॉफ्टवेअर कंपनी वॉर्ड आणि खाटांची यादी मागते आहे. हीच नावे द्यावीत का? आणि डेंगीच्या दिवसांत व्हरांड्यात टाकाव्या लागणाऱ्या जादा खाटांचे काय करावे? (विश्वस्त मंडळाचे सचिव, इंदूर)

उत्तर : देणगीदारांची नावे अवश्य राहावीत. स्क्रीनवर, केसपेपरवर आणि डिस्चार्ज कार्डावरही ती छापली जावीत. पण प्रणालीत खाटेची ओळख ठरवणारा कोड या नावापासून स्वतंत्र ठेवावा. हा कोड जागेवरून ठरतो : इमारत, मजला, वॉर्ड, खोली, खाट. नव्या देणगीने नाव बदलले तरी कोड बदलत नाही, आणि जनरलची खाट उद्या सेमी-प्रायव्हेट झाली तरीही बदलत नाही. दराचा वर्ग कोडात गुंफण्याची चूक बऱ्याच ठिकाणी होते, आणि पहिल्याच दरबदलाच्या वेळी ती भोवते. वर्ग हा खाटेचा एक गुण म्हणून वेगळ्या रकान्यात असावा आणि तो कोणत्या तारखेपासून लागू आहे हेही त्यासोबत नोंदलेले असावे. पुरुष, स्त्री आणि बाल हेही असेच गुण आहेत. ते नीट भरले तर स्त्री-कक्षात पुरुष रुग्णाला खाट देण्याचा प्रयत्न प्रणाली तिथेच अडवते.

एकदा जिच्यावर रुग्ण राहून गेला ती खाट यादीतून कधीही पुसू नये; तारीख घालून बंद करावी. पुसली तर जुन्या रुग्णांच्या नोंदी निराधार होतात. यादी देण्यापूर्वी वॉर्डात प्रत्यक्ष फिरून भिंतीवर रंगवलेला क्रमांक आणि यादीतला क्रमांक एकच आहे याची खात्री स्वतः करून घ्यावी. हे काम कंपनीच्या माणसावर सोडू नये.

जादा खाटांबाबत आपण आधीच विचार करीत आहात हे फार चांगले आहे. ज्या खाटेला प्रणालीत जागा नाही तिच्यावरच्या रुग्णाला कर्मचारी दुसऱ्या कोणत्या तरी मोकळ्या खाटेवर दाखवून वेळ मारून नेतात. मग रुग्ण व्हरांड्यात आणि नोंद दुसऱ्या मजल्यावरच्या प्रायव्हेट खोलीत, अशी स्थिती होते. रक्ताचा नमुना घ्यायला आलेला मुलगा मजले शोधत फिरतो आणि बिलात खोलीचे भाडे चढते. हे टाळण्यासाठी जादा खाटा आधीच प्रणालीत तयार करून निष्क्रिय ठेवाव्यात, त्यांना वेगळ्या मालिकेतले क्रमांक द्यावेत, व्हरांड्याच्या भिंतीवर ते क्रमांक आत्ताच रंगवून घ्यावेत आणि त्या सुरू करण्याचा अधिकार मेट्रनकडे ठेवावा. मंजूर खाटा, प्रत्यक्ष वापरातील खाटा आणि जादा खाटा हे तीन आकडे वेगळे दिसले पाहिजेत, कारण शासनाकडील नोंदणी मंजूर खाटांवर असते.

प्रसूतीचे टेबल, डायलिसिसची खुर्ची, कॅज्युअल्टीतील निरीक्षणाची खाट यांनाही प्रणालीत जागा द्यावी, म्हणजे रुग्ण कुठे आहे हे कळेल. पण खाटांच्या मोजणीत त्या धरू नयेत. आईजवळच्या बाळाचा पाळणाही मोजणीत येत नाही. बाळाला मात्र जन्मतःच स्वतःचा रुग्ण क्रमांक द्यावा आणि तो आईच्या क्रमांकाशी जोडावा. हे केले नाही तर बाळाला एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) हलवल्यावर त्याची औषधे, तपासण्या आणि शुल्क आईच्या नावावर पडत राहतात. जुळी असतील तर घोळ आणखी वाढतो.

प्रश्न : मी एका खाजगी रुग्णालयात इनचार्ज सिस्टर आहे. आमच्याकडे सगळे 'सात नंबरला इंजेक्शन द्या' असेच बोलतात. मध्यंतरी सात नंबरच्या रुग्णाला अकरा नंबरवर हलवले आणि त्याची औषधे सातवर नव्याने आलेल्या रुग्णापाशी पोहोचली. सुदैवाने देण्यापूर्वी लक्षात आले. संगणक असूनही असे का व्हावे? शिवाय आम्हाला रजिस्टरही लिहावे लागते आणि संगणकही भरावा लागतो. रुग्णाकडे पाहायचे कधी? (इंदूर)

उत्तर : सिस्टर, आपण हे पत्र लिहिले याबद्दल आभार, कारण अशा घटना बहुधा दाबल्या जातात. खाट हा रुग्णाचा पत्ता आहे आणि पत्त्यावरून माणूस ओळखू नये. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये रुग्णसुरक्षेविषयी ज्या सूचना दिल्या त्यांत रुग्णाची ओळख किमान दोन गोष्टींनी पटवावी, उदाहरणार्थ नाव आणि जन्मतारीख, आणि खोलीचा क्रमांक त्यांत धरू नये, असे स्पष्ट म्हटले आहे. आपल्याकडे पूर्ण नाव आणि रुग्ण क्रमांक या दोन गोष्टी मनगटावरच्या पट्टीवर असाव्यात. औषधाच्या ट्रेवरील चिठ्ठीवर खाटेचा क्रमांक बारीक आणि नाव ठळक छापून घ्यावे. हा बदल कंपनी अर्ध्या दिवसात करून देऊ शकते.

आता प्रणालीत काय घडले असावे ते पाहू. औषधांचे आदेश खाटेला जोडलेले असतील तर रुग्ण हलला तरी आदेश मागेच राहतात. ते भरतीच्या क्रमांकाला जोडलेले असले पाहिजेत, म्हणजे रुग्ण जाईल तिथे ते त्याच्यामागे जातील. दुसरी शक्यता अशी, आणि ती मला अधिक संभवते, की आदेश नीट जोडलेले होते, पण रुग्ण हलवल्याची नोंद तास-दोन तासांनी झाली आणि दरम्यान मेडिकलमधून जुन्या जागेची चिठ्ठी निघून गेली. म्हणून हलवण्याची नोंद दोन टप्प्यांत हवी. पाठवणाऱ्या वॉर्डाची सिस्टर 'पाठवला' अशी नोंद करते, घेणाऱ्या वॉर्डाची सिस्टर पट्टी वाचून 'मिळाला' अशी नोंद करते, आणि या दोहोंच्या मधल्या वेळात रुग्ण 'वाटेत' दिसतो. वाटेत असलेल्या रुग्णाच्या नावाने वॉर्डाकडे औषध निघू नये. एकाच वॉर्डात खाट बदलली तरी हाच क्रम पाळावा, भले दोन्ही नोंदी आपणच केल्या तरी चालेल. चुकून केलेली बदली पुसून टाकण्याऐवजी रद्द करण्याची सोय असावी, म्हणजे मूळ नोंद आणि ती रद्द झाल्याची नोंद दोन्ही मागे राहतील. एचएल-सेव्हन मानकात भरती, बदली आणि डिस्चार्ज या तिन्हींसाठी जशा खुणा आहेत तशाच त्या रद्द करण्यासाठीही वेगळ्या आहेत, यावरून ही गरज किती मूलभूत आहे ते कळते.

दुहेरी लेखनाविषयी आपली तक्रार पूर्णपणे रास्त आहे. दोन्हीकडे लिहायला लावणे म्हणजे दोन्हीकडे अर्धवट लिहून घेणे. प्रारंभीचे काही आठवडे रजिस्टर समांतर ठेवणे समजू शकते, पण ते कोणत्या तारखेला बंद होणार हे व्यवस्थापनाने लेखी सांगावे. ड्यूटी बदलतानाचा हँडओव्हरचा कागद प्रणालीतूनच छापून निघावा. दोन्ही पाळ्यांच्या सिस्टरनी तो हातात घेऊन खाटेमागून खाट फिरावे, फरक दिसेल तिथे त्याच क्षणी दुरुस्ती करावी आणि खाली दोघींच्या सह्या असाव्यात. वीज किंवा नेटवर्क गेल्यास वापरायचे छापील कोरे तक्ते प्रत्येक नर्सिंग स्टेशनच्या खणात असू द्यावेत. प्रत्येकीचे लॉगिन वेगळे हवे. एकाच पासवर्डवर सगळा वॉर्ड चालत असेल तर नोंद कोणी केली हे कधीच कळत नाही आणि ठपका मात्र इनचार्जवर येतो. सफाई कर्मचारी आणि वॉर्डबॉय ज्या स्क्रीनवर काम करतात तिथली बटणे हिंदीत करून घ्यावीत; इंग्रजी बटणे पाहून ते नोंद करायलाच बिचकतात, आणि मग तेही काम आपल्याच गळ्यात पडते.

प्रश्न : खाटेच्या भाड्यावरून बिलाच्या खिडकीवर रोज वाद होतात. एकाच दिवशी रुग्ण दोन वॉर्डांत असेल तर भाडे कोणते लावावे? जीएसटी आणि विम्याच्या मर्यादेचा हिशेब सॉफ्टवेअरला कसा शिकवावा? (लेखापाल, इंदूर)

उत्तर : आधी नियम ठरवावा, मग सॉफ्टवेअर. एक उदाहरण घेऊ. रुग्ण ३ तारखेला रात्री १० वाजता सेमी-प्रायव्हेटमध्ये भरती झाला, तिथले भाडे २,५०० रुपये. ४ तारखेला पहाटे ३ वाजता त्याला आयसीयूत हलवले, तिथले ७,००० रुपये. ६ तारखेला सकाळी ११ वाजता तो सेमी-प्रायव्हेटमध्ये परत आला आणि ७ तारखेला दुपारी २ वाजता घरी गेला. मध्यरात्री १२ वाजता रुग्ण जिथे असेल तिथले भाडे, असा नियम असेल तर दोन रात्री सेमी-प्रायव्हेटच्या आणि दोन आयसीयूच्या, एकूण १९,००० रुपये होतात. भरतीच्या वेळेपासून २४ तासांचा दिवस आणि त्या दिवसातील वरच्या दराचे भाडे, असा नियम असेल तर तीन दिवस आयसीयूचे आणि एक सेमी-प्रायव्हेटचा, एकूण २३,५०० रुपये होतात. रुग्ण तोच, खाटा त्याच, आणि फरक ४,५०० रुपयांचा. वाद होतात ते यामुळे. माझा कल मध्यरात्रीच्या नियमाकडे आहे, कारण तो नातेवाइकांना एका वाक्यात समजावता येतो आणि रात्रीच्या रुग्णगणनेशी तंतोतंत जुळतो. आपण दुसरा नियम ठेवला तरी हरकत नाही, पण तो भरतीच्या अर्जावर ठळक छापलेला असावा आणि संगणकाने तोच पाळावा. खिडकीवर बसलेल्या माणसाला भाडे हाताने बदलता येऊ नये. रुग्ण आयसीयूत असताना नातेवाइकांनी खोली स्वतःसाठी ठेवून घेतली तर त्यांची लेखी संमती घेऊन ती खाट 'रोखून ठेवलेली' म्हणून स्वतंत्र दाखवावी. हे दोन्ही ठिकाणचे भाडे गुपचूप एकत्र मिळवू नये.

जीएसटीचा नियम १८ जुलै २०२२ पासून लागू आहे. खोलीचे भाडे रोजचे ५,००० रुपयांहून अधिक असेल तर त्यावर ५ टक्के कर लागतो. आयसीयू, सीसीयू, आयसीसीयू आणि एनआयसीयू यांना तो लागत नाही. कर पूर्ण भाड्यावर आहे, वरच्या रकमेवर नाही. म्हणजे ६,००० रुपयांच्या खोलीवर दिवसाला ३०० रुपये, आणि ५,००० रुपयांच्या खोलीवर शून्य. हा हिशेब प्रत्येक दिवसाच्या खाटेवर अवलंबून असल्याने खाटेची रोजची नोंद चुकली की करही चुकतो.

विम्याचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण त्याचा फटका रुग्णाला डिस्चार्जच्या दिवशी, काहीच करता येण्यासारखे नसताना बसतो. ३ लाखांच्या पॉलिसीत भाड्याची मर्यादा विमा रकमेच्या एक टक्का, म्हणजे ३,००० रुपये असेल आणि रुग्णाने ६,००० रुपयांची खोली घेतली, तर पॉलिसीतील अटीनुसार डॉक्टरांच्या भेटी, शस्त्रक्रियागृह, नर्सिंग अशा संबंधित खर्चांतही त्याच प्रमाणात, म्हणजे निम्मी कपात होऊ शकते. औषधे, इम्प्लांट आणि तपासण्या यांना ही कपात लावता येत नाही. खाट देतानाच पॉलिसीची मर्यादा प्रणालीत भरलेली असेल तर वरच्या वर्गाची खोली निवडताच इशारा दिसेल आणि स्वागतकक्ष नातेवाइकांना तेव्हाच सांगू शकेल. एवढी एक सोय करून घ्या. कितीतरी कुटुंबांचे ऐन वेळी पैशांसाठी धावणे वाचेल.

प्रश्न : मासिक अहवालात खाटांचा वापर १०८ टक्के दाखवला होता. शंभरावर आकडा कसा जाईल? आणि या आकड्यावरून आम्ही विश्वस्तांनी काय समजायचे? (इंदूर)

उत्तर : अंशात जादा खाटांवरचे रुग्ण धरले आणि छेदात फक्त मंजूर खाटा घेतल्या तर आकडा शंभरावर जातो. यात हिशेबाची चूक नाही, मात्र अहवालात तसे लिहिलेले असावे. रोज रात्री १२ वाजता असलेल्या रुग्णांची बेरीज म्हणजे रुग्ण-दिवस. ६० खाटा आणि ३० दिवस म्हणजे १,८०० खाट-दिवस. रुग्ण-दिवस १,५३० असतील तर वापर ८५ टक्के. त्या महिन्यात ३४० डिस्चार्ज झाले असतील तर सरासरी मुक्काम साडेचार दिवसांचा.

एवढ्यावर न थांबता आणखी एक आकडा मागावा. १,८०० मधून १,५३० वजा केले की २७० खाट-दिवस रिकामे गेले. त्यांना ३४० ने भागले तर एक रुग्ण गेल्यापासून दुसरा येईपर्यंत खाट सरासरी १९ तास रिकामी राहिली असे निघते. स्वागतकक्ष 'जागा नाही' म्हणत असताना हा आकडा १९ तासांचा येत असेल, तर नवी इमारत बांधण्याच्या ठरावाआधी स्वच्छतेला आणि नोंदीला किती वेळ लागतो ते तपासावे. वॉर्डनिहाय आकडे पाहावेत, कारण बालकक्ष ओसंडत असताना शस्त्रक्रियेचा वॉर्ड अर्धा रिकामा असू शकतो आणि सरासरीत दोन्ही लपतात. सणावारांचे दिवसही लक्षात घ्यावेत. रंगपंचमीला गेर, म्हणजे रंग उधळीत जाणारी मिरवणूक, निघते तेव्हा राजवाड्याभोवतीचे रस्ते बंद असतात, आणि शहराच्या मध्यभागी असलेल्या रुग्णालयातून त्या दिवशी डिस्चार्ज झालेला रुग्ण दुपारपर्यंत निघूच शकत नाही.

प्रश्न : आई भरती असताना रुग्णालयाच्या दालनातील मोठ्या स्क्रीनवर सर्व रुग्णांची नावे, वॉर्ड आणि आजार दिसत होते. हे योग्य आहे का? नंतर ती कोणत्या तारखेला कोणत्या वॉर्डात होती याचा कागद मागितला, तो मिळाला नाही. (एक वाचक, इंदूर)

उत्तर : योग्य नाही. दालनातील स्क्रीनवर वॉर्डनिहाय रिकाम्या खाटांची संख्या पुरेशी आहे. नाव आणि आजार तिथे असण्याचे काहीही कारण नाही. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचा गाभाच हा आहे की माहिती ज्या कारणासाठी घेतली त्याच कारणासाठी वापरावी. भेटायला येणाऱ्यांना खाट क्रमांक हवा असेल तर स्वागतकक्षाने विचारपूस करून सांगावा. कागदाबाबत आपला हक्क स्पष्ट आहे. वैद्यक परिषदेच्या २००२च्या नियमांनुसार भरती रुग्णांचे अभिलेख उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपायचे असतात आणि रुग्णाने किंवा अधिकृत नातेवाइकाने मागितल्यास ७२ तासांत द्यायचे असतात. लेखी अर्ज करावा आणि त्याची पोच घ्यावी.

प्रश्न : आम्ही ३० खाटांसाठी सॉफ्टवेअर निवडत आहोत. विकत घ्यावे की मुक्त प्रणाली वापरावी? सगळ्यांची प्रात्यक्षिके सारखीच छान वाटतात. (एका नर्सिंग होमचे संचालक, इंदूर)

उत्तर : संगणक सांभाळणारा एक जाणता माणूस कायमचा हाताशी असेल तर मुक्त प्रणालीचा विचार जरूर करावा. बाह्मनी ही अशीच प्रणाली छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळच्या गनियारी येथील जन स्वास्थ्य सहयोगच्या रुग्णालयात प्रथम वापरात आली आणि साधनांची टंचाई असलेल्या रुग्णालयांचा विचार करूनच घडली. तसा माणूस नसेल तर स्थानिक कंपनी बरी, कारण रात्री ११ वाजता फोन उचलणारे कोणी तरी हवे. कोणतीही घेतली तरी आरोग्यनोंदी एकमेकांशी जोडणाऱ्या सरकारी आयुष्मान भारत डिजिटल मिशनशी जोडणी, त्यातील १४ अंकी आभा क्रमांकाची (रुग्णाच्या आरोग्य-ओळख क्रमांकाची) सोय आणि आपला सगळा डेटा केव्हाही बाहेर काढून मिळण्याची लेखी हमी या तीन गोष्टी करारात असाव्यात.

प्रात्यक्षिके छान वाटतात, कारण त्यांत एक शहाणा रुग्ण भरती होतो, बरा होतो आणि पैसे भरून घरी जातो. आपण आपल्या इनचार्ज सिस्टरना समोर बसवून अवघड प्रसंग दाखवायला सांगावे. जुळ्यांपैकी एक बाळ आईजवळ आहे आणि एक एनआयसीयूत. वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध रुग्ण रात्री २ वाजता निघून गेला आहे आणि बिल बाकी आहे. मेडिको-लीगल (पोलिसांना कळवावी लागणाऱ्या) केसमधील रुग्णाचा मृत्यू झाला आहे आणि पोलिसांचे कागद होईपर्यंत फाइल बंद करता येत नाही, पण खाट हवी आहे. चुकीच्या माणसाच्या नावाने भरती झाली आणि ती रद्द करायची आहे. आयसीयूत नेलेल्या रुग्णाची वॉर्डातली खाट राखून ठेवायची आहे. यांतल्या प्रत्येक वेळी किती क्लिक लागतात ते सिस्टरना मोजू द्यावे आणि त्यांचा अभिप्राय लेखी घ्यावा. शेवटी मागच्या आठवड्यातील कोणत्याही एका रात्री १२ वाजता कोणत्या खाटेवर कोण होते, हे त्याच स्क्रीनवर काढून दाखवायला सांगावे. ते दाखवता आले नाही, तर दराची बोलणी ती दुरुस्ती होईपर्यंत थांबवावीत.